शत्रूच्या कबरीवरची शेवंती

सीताबर्डीचा किल्ला वर्षातले मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतो. अशाच एका सकाळी रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. तोफा, तटबंदी काहीच न पाहता ती थेट कबरींपाशी गेली. ज्या इंग्रज फौजेनं एकेकाळी याच टेकडीवर नागपूरच्या राजाच्या सैन्याशी लढाई केली, तिचे शिपाई तिथं पुरलेत. पिशवीतून शेवंतीची फुलं काढून तिनं एका कबरीवर ठेवली.

"मावशी, हे तर आपले शत्रू होते," मी दचकून म्हणाले.

"माहा पोरगा सरहद्दीपल्याड लढता लढता गेला वं. त्याचं प्रेतही घरी आलं नाही," ती म्हणाली. "तिकडच्या लोकायले तोही शत्रूच ना?"

ती वाकून कबरीवरची वाळकी पानं हातानं झाडत राहिली.