साक्षीला आईंचं नाव

सासूबाईंच्या केंद्रातून रेहानाताईंचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि मी हडपसरला ऑफिसात होते. त्या एवढंच म्हणाल्या, "वैशाली, लगेच खडकीला ये. आणि स्कूटर आणू नकोस, रिक्षा कर." स्कूटर आणू नकोस म्हटल्यावरच मला कळलं. तरी रस्ताभर मी स्वतःला समजावत राहिले, की सकाळी तर डब्यातल्या तिसऱ्या पोळीवरून आमची कुरबुर झाली होती, असं कसं होईल... माझ्या सासूबाई मालती जगदाळे, बासष्ट वर्षांच्या, कधी साधी गोळी न घेणाऱ्या, केंद्रातल्या आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर एका जवानाची बायको बोलत होती, जेमतेम बावीस वर्षांची, यवतमाळकडची. बोलता बोलता तिला रडू आलं. तिच्यासाठी पाणी आणायला आई उठल्या, टेबलाला हात टेकून पुन्हा खाली बसल्या, आणि... पाच आठवडे झाले. हे वाक्य मला अजून पुरं करता येत नाही.

जवानांच्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठी चाललेलं हे छोटं मदत केंद्र. दोन खोल्या, बाहेर एक लांब बाक. आई तिथे वीस वर्षं होत्या. स्वतः सुभेदाराची बायको असल्यामुळे त्यांना क्वार्टर्समधलं जगणं आतून माहीत होतं. घर नवऱ्याच्या नावावर, कँटीनचं कार्ड त्याच्या नावावर, दवाखानाही त्याच्याच नोकरीवर. शेजारणीचा नवरा त्याच युनिटमधला. बाई तोंड उघडते तेव्हा तिचं सगळंच एकदम पणाला लागतं. आई तिच्यासोबत दवाखान्यात जात, अर्ज लिहून देत, कमांडिंग ऑफिसरच्या खोलीबाहेर तिच्या शेजारी दोन-दोन तास बसून राहत. नवीन येणाऱ्या कार्यकर्तींना त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, की समोरच्या बाईला सगळं सांगा, पण 'चार दिवस जाऊ दे, होईल नीट' एवढं म्हणू नका. ते ऐकून परत गेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या.

त्यांचा मुलगा प्रशांत, माझा नवरा, हवालदार होता. सीमेवरची तीन वर्षं संपवून तो पुण्यात बदलून आला तेव्हा आम्ही खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. आई येरवड्याला त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्यांत. पहिल्या महिन्यात त्याने मला ढकललं. नंतर हात उचलला. मग ते नेहमीचंच झालं. पुढचं वर्षभर मी कुणाला काही बोलले नाही. एका दुपारी त्याने असा फटका मारला की डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांना मी बाथरूममध्ये पडले म्हणून सांगितलं आणि तिथून तीन वर्षांच्या स्वराला कडेवर घेऊन थेट येरवड्याला गेले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? असल्या बायकांचं ऐकून घेणं हेच तर त्यांचं काम होतं.

आईंनी कान पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "कुणाला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. तर त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "सीमेवरून आलाय गं तो. डोकं ठिकाणावर नसतं. चार दिवस जाऊ दे."

मला कानाचं दुखणं आठवत नाही, पण ते शब्द आठवतात. प्रशांतने मारल्याचा जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा त्या वाक्याचा बसला. चहा न पिता मी परत क्वार्टरमध्ये गेले. आठ दिवस त्यांचा फोन नाही, माझाही नाही.

नवव्या दिवशी मी केंद्रावर गेले. सून म्हणून नव्हे, नंबर लावून. बाहेरच्या बाकावर दोन बायकांच्या मागे बसले, स्वरा मांडीवर. रेहानाताई, तिथल्या आईंच्या जुन्या सहकारी, मला पाहून दचकल्या. त्यांना वाटलं मी आईंना भेटायला आलेय. मी म्हटलं, नाही, माझं काम आहे, माझी पाळी आली की येते. पाळी आली. मी आत जाऊन समोरच्या खुर्चीत बसले. आईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेव्हाचं सगळं मला लिहिता येणार नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कोरा फॉर्म ओढला आणि कुठल्याही बाईला विचारावं तसं विचारलं, "आपलं नाव सांगा."

मी सांगितलं. वय, पत्ता, मुलं. मग त्यांनी विचारलं, त्रास देणाऱ्याचं नाव काय. मी म्हटलं, हवालदार प्रशांत जगदाळे. त्यांनी ते लिहिलं. अक्षर नीट वाचता येईल असं काढलं. तिथे त्या थांबल्या, फॉर्म रेहानाताईंकडे सरकवला आणि म्हणाल्या, "ही केस मला घेता येणार नाही. मी त्याची आई आहे. तुम्ही घ्या... साक्षीला माझं नाव लिहा. कान मी पाहिलाय."

पुढे त्या खरंच कमांडिंग ऑफिसरसमोर उभ्या राहिल्या. प्रशांत तिथेच होता, सावधान उभा, नजर भिंतीवर. साहेब भला माणूस असावा. त्यांनी आईंना खुर्ची दिली आणि मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे, एकदा विचार करा, असं दोनदा सुचवलं. आई बसल्या नाहीत. विचार करूनच आलेय म्हणाल्या, आठ दिवस उशीरच झालाय.

प्रशांतच्या पगारातून माझ्या आणि स्वराच्या पोटापाण्याची रक्कम लागू झाली, त्याची बदली झाली, आम्ही कायमचे वेगळे झालो. मी आईंकडे येरवड्याला राहायला आले. शेजारच्या एका काकूंनी जिन्यात विचारलंच, मुलगा बाहेर आणि सून घरात, हे कसं काय? आई म्हणाल्या, "घर माझं आहे, म्हणून." आणि पिशवी उचलून वर आल्या. पण दर रविवारी त्या प्रशांतला फोन लावायच्या. पूर्ण वाजू द्यायच्या. चार वर्षांत त्याने एकदाही उचलला नाही. आणि त्या आठ दिवसांबद्दल माझ्याशी त्या एकदाच बोलल्या. भाजी निवडताना, मान खाली घालून म्हणाल्या, की तू बाकावर येऊन बसली नसतीस तर मी उठले नसते, हे मला माहीत आहे. मी देठं खुडत राहिले. आज वाटतं, बोलायला हवं होतं...

प्रशांत अंत्यविधीला आला. सगळं रीतसर केलं. दहाव्याला, माणसं पांगल्यावर, त्याने मला हळूच विचारलं, आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का? मी खरं तेच सांगितलं. नाही, समोर बसलेल्या मुलीशी बोलत होत्या. त्याने मान हलवली आणि चपला घालून गेला.

आईंचा मोबाइल मी अजून बंद केलेला नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला चार्जिंगला लावलेला असतो. दुपारी दोनच्या सुमारास तो वाजतो, कारण त्या वेळी नवरे ड्यूटीवर असतात आणि बायकांना बोलता येतं. त्यासाठी आई तीनच्या आधी कधी जेवायला बसत नसत. सुरुवातीला, रजेवर होते तेव्हा, मी फोन उचलून त्या गेल्याचं सांगायचे, पलीकडून फोन कट व्हायचा. असे सहा-सात फोन गेले. ते आठवून झोप लागेना.

परवा सुट्टी होती, मी घरीच होते. दोनला फोन वाजला. बाईचा आवाज इतका बारीक होता की उजव्या कानाला लावूनही नीट ऐकू येईना. तिने विचारलं, मालतीताई बोलताय ना? मी ओट्याजवळच्या आईंच्या स्टुलावर बसले.

"त्या आता नाहीत," मी म्हटलं. "मी त्यांची सून. फोन ठेवू नका. तुम्ही बोला."