चिठ्ठीवर नाव घालायचं नाही

मला दुसऱ्यांचं जाणून घ्यायची वाईट खोड आहे. घरात मला सगळे चोंबडी म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. बेळगावातल्या अनगोळहून शाळेच्या गावाला बसनं जाताना पुढच्या सीटवरची बाई फोनवर कुणाशी भांडते आहे, कशावरून भांडते आहे, हे उतरायच्या आत मला समजलेलं असतं. भांडण अर्धवट असताना माझा स्टॉप आला, तर दिवसभर चुटपुट लागून राहते. शिक्षिकेला ही खोड उपयोगाचीच, असं मी बरीच वर्षं समजत होते.

शाळा बेळगुंदीच्या बाजूच्या एका लहान गावात आहे. सरकारी मराठी शाळा, सातवीपर्यंत. मी सातवीची वर्गशिक्षिका. गेल्या वर्षी आम्हाला एक ट्रेनिंग झालं. मैत्रीत, घरात, गावात माणसांनी एकमेकांशी कसं वागावं, आणि चारचौघांत पुढारीपण कसं करावं, हे मुलांना शिकवायचं होतं. पुस्तिका कन्नडमधली. मी बसमध्ये बसून तिचं मराठी करून घ्यायची. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. मुलांनी मनातला प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचा आणि शिक्षकानं शुक्रवारी तो वर्गात वाचून त्यावर बोलायचं.

खडेबाजारात चपला घेतल्या होत्या, त्यांचा खोका घरात पडून होता. त्याला वरून फट पाडली आणि वर्गात नेऊन ठेवला. "चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. कुणी काय लिहिलं ते मलासुद्धा कळणार नाही," असं मी सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं. मुलांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला, हे त्याहून मोठं नवल.

कारण मी त्या एकतीस पोरांच्या वह्या रोज तपासते. एकाचं मराठी अक्षर कन्नडसारखं गोल, एक जण काना इतका लांब ओढतो की तो खालच्या ओळीत जातो. आणि एक मुलगी सगळं वाक्य आधी रेघेशिवाय लिहिते, मग शेवटी डावीकडून उजवीकडं एकच शिरोरेघ मारते. ती दर वेळी वर चढत जाते. या मुलीला लहान चणीमुळं वर्गात बारकी म्हणत.

दुसऱ्याच शुक्रवारी ती वर चढणारी रेघ माझ्या हातात आली. "माझी मैत्रीण म्हणते, माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. बोलले तर दोन दोन दिवस अबोला धरते. ती मला लई आवडते पण तिची भीती वाटते. ही चांगली मैत्री काय?"

मी चिठ्ठी वर्गात वाचली. आवडणं आणि भीती वाटणं एकत्र असेल तर काय करावं, यावर आम्ही अर्धा तास बोललो. मुलं छान बोलली. मी बारकीकडं एकदाही पाहिलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण मला ती मैत्रीण कोण ते बघायचं होतं. तसं बघण्यासारखं काही नव्हतंच. बारकीची मैत्रीण एकच. खो-खो संघाची कप्तान, वर्गात सगळ्यांत उंच, आवाज असा की मैदानावरून हाक मारली तर गावच्या बसस्टॉपवर ऐकू यावी. मीच तिला वर्गाची पुढारी नेमली होती, ती त्या आवाजासाठी. आठवडाभर मी दोघींवर नजर ठेवली. दुपारच्या जेवणाच्या रांगेत कप्तान बारकीची जागा धरायची, तिचं ताटही तीच घ्यायची, आणि बारकी दुसऱ्या मुलींकडं वळली की, "हिकडं बस गं," म्हणून हाताला धरून न्यायची. मला राग आला. एवढ्याशा पोरीला ही अशी दावणीला बांधते म्हणजे काय!

सोमवारी मी बाकांची अदलाबदल केली. उंच मुलांमुळं मागच्यांना फळा दिसत नाही, असं कारण दिलं. तोवर दोघी पहिल्या बाकावर शेजारी बसायच्या; आता कप्तान शेवटच्या बाकावर गेली, बारकी पुढंच राहिली. एवढ्यावरही भागलं नाही. दुपारी नळाजवळ बारकी एकटी दिसली, तर मी जाऊन हळूच विचारलं, "आता बरं वाटतंय न्हवं?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "टीचर, तुमाला कसं कळलं ओ?"

मी काही बोलायच्या आत टाकीच्या मागून बाटली बंद केल्याचा आवाज आला. कप्तान तिथं पाणी भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आमच्याकडं न बघता वर्गात निघून गेली.

शाळा सुटेपर्यंत सगळ्या वर्गाला समजलं की बारकीनं चिठ्ठीत कप्तानची चुगली केली. कप्तान बारकीशी बोलायची बंद झाली. कप्तान बोलत नाही म्हटल्यावर बाकीच्या मुलींनीही तिला टाळलं. बारकी पायरीवर भिंतीकडं सरकून एकटी जेवायला लागली. तिला एकुलती एक मैत्रीण होती, तीही माझ्यामुळं गेली. शुक्रवारी खोका उघडला तर आत दोन चिंचोके. पुढच्या शुक्रवारी तेही नव्हते.

हेडमास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "टीचर, खात्याला दाखवायला खोक्याचा फोटो अपलोड झालाय न्हवं? मग काढून ठेवा की तो खोका." त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्यामागं दहा कामं असतात. पण पायरीवरची ती पोरगी मला रोज खिडकीतून दिसत होती. मला खरोखर लाज वाटत होती.

शेवटी एका शनिवारी मी वर्गाला सांगून टाकलं. "मी तुम्हाला फसवलं. चिठ्ठी कुणाची ते कळणार नाही म्हणाले होते. पण मला तुमची सगळ्यांची अक्षरं ओळखता येतात."

"सगळ्यांची?" तीन-चार आवाज एकदम आले.

त्यांना ते खरं वाटेना. पोरं म्हणाली, बघूच. दहा-बारा जणांनी कागदाच्या कपट्यांवर एकेक शब्द लिहिला, माझ्या टेबलावर ठेवला, आणि मी कपटा उचलून हे तुझं, हे तुझं, असं सांगत गेले. आधी टाळ्या झाल्या. पाचव्या-सहाव्या कपट्यानंतर टाळ्या थांबल्या. आपण आजवर खोक्यात काय काय टाकलं, ते प्रत्येक जण मनात आठवत असावा. एक मुलगी आपला लिहिलेला कपटा घेऊन परत जागेवर जाऊन बसली.

"एकीनं विश्वासानं लिहिलं आणि मी तोंड उघडलं," मी म्हणाले. "तिनं चुगली केली नव्हती. चूक माझी होती." आणि बारकीकडं बघून सॉरी म्हटलं. तिनं मान वर केली नाही. मग मी म्हणाले, "आता खोका ठेवायचा की काढून टाकायचा, ते तुम्ही ठरवा. मी बाहेर थांबते."

बाहेर म्हणजे कुठं, तर खिडकीच्या खाली. खोड एका दिवसात जात नाही.

आत गलका झाला. एक म्हणाला डाव्या हातानं लिहू, एकीनं कन्नडमधून लिहायचं सुचवलं. त्यावर दुसरी म्हणाली, कन्नडच्या सरांची आणि टीचरची दोस्ती हाय, ती पण वळखतील. मग कप्तानचा आवाज आला. एवढ्या दिवसांत वर्गात ती पहिल्यांदाच बोलत होती. "एकीनंच सगळ्यांचं लिवायचं. आपण तिच्या कानात सांगायचं. अक्षर एकच असलं की टीचर काय वळखणार?"

"मग तूच लिव की."

"मी न्हाय. माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय." मग तीच म्हणाली, "बारकी लिवू दे. तिनं चिठ्ठीत माझं नाव घातलं न्हवतं. नाव टीचरनी काढलं."

मी खिडकीखालून उठले आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. आवाज बघून जिला मी पुढारी केलं होतं, ती पोरगी त्या दिवशी खरी पुढारी झाली. पण मी आत जाऊन तसं म्हणाले नाही. म्हटलं असतं, तर मी ऐकत होते हे कळलं असतं.

पुढच्या शुक्रवारी खोक्यात चौदा चिठ्ठ्या होत्या. चौदाही चिठ्ठ्यांवर तीच वर चढत जाणारी रेघ. माझी कशी तडफड झाली म्हणून सांगू! एका चिठ्ठीत होतं, "भाऊ माझी वही फाडतो आणि आई म्हणते तो बारका हाय." दुसरीत, "गावात बोअरवेलसाठी सह्या घ्यायच्या असल्या तर मुलांची सही चालते काय?" मी एकेक वाचत गेले, बोलत गेले. बोलताना डोळे सारखे बाकांवरून फिरत होते. कोण खाली बघतंय, कोण हसतंय. काही पत्ता लागेना. सगळी एकजात मख्ख चेहरे करून बसली होती.

चौदावी चिठ्ठी उघडली आणि मी मोठ्यानं वाचायला लागले. आधी मनात वाचून घ्यायचं मला सुचलंच नाही.

"टीचर, तुम्ही बारकीला सॉरी म्हणालात. कप्तानला का नाही? तुम्ही तिला एकदा तरी विचारलं काय?"

ही बारकीनं स्वतःची लिहिली असेल. कप्ताननं तिच्या कानात सांगितली असेल. आणखी कुणाची असेल. मी कप्तानकडं आठवडाभर नजर लावून बसले होते, पण तिला एक शब्दही विचारला नव्हता. ती बारकीला का चिकटून असते, बारकी दुसरीकडं वळली की कप्तानला काय होतं, मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. बसमधल्या परक्या बाईचं भांडण मला पाठ, आणि माझ्या वर्गातल्या मुलीबद्दल मी चार जेवणाच्या रांगा बघून निकाल देऊन मोकळी झाले होते.

"मी विचारलं नाही," मी म्हणाले. "तुला न विचारता मागं पाठवलं. सॉरी."

कप्तान सवयीनं हाताची घडी घालून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तोच, खणखणीत. "मग मी परत पुढं बसू काय, टीचर?"

बस, असं ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं. "ते मी ठरवणार नाही. जिच्याजवळ बसायचं तिला विचार."

वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. कप्ताननं बारकीला विचारलं, तेही इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं. "बसू काय गं?"

बारकीनं बराच विचार केला. पेनचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं.

"बस," ती म्हणाली. "पर जेवताना मी कुनाबरबर बी बसणार. आनि तू अबोला धरायचा न्हाय."

कप्तानला ते काही फारसं पटलं नव्हतं. तिनं तोंड वाकडं केलं आणि मग दप्तर उचलून पुढं आली.