कडुलिंबाकडची रिंग

महांतप्पा सरांची बास्केटबॉलशी गाठ घालून दिली ती दुष्काळानं. बहात्तर साली भूमजवळच्या आण्णासाहेबांच्या हायस्कुलात दुष्काळी कामावर मैदान तयार झालं. मैदान झालंय तर खेळ पाहिजे, म्हणून कवायत घेणाऱ्या महांतप्पा सरांना औरंगाबादला शिबिराला धाडलं. सर येताना शिट्टी, पांढरे बूट आणि रुबाब घेऊन आले. खेळ तिकडंच राहिला असावा.

खांब रोवताना एका अंगाला खडक लागला, तिथली रिंग उंच राहिली. कडुलिंबाच्या अंगाला माती भुसभुशीत. तिथला खांब पार खाली गेला आणि रिंग हातभर बुटकी झाली. दुसऱ्या कुणी तो उपटून नीट रोवला असता. सरांनी त्याच्यावर आपली नोकरी उभी केली.

सामना चारला लावायचा. पहिल्या डावात लिंबाकडची रिंग आपल्या पोरांना. मध्यंतरात पाहुण्यांना पोहे, चहा, वर आण्णासाहेबांच्या एखाद्या माणसाचं भाषण. तोवर पाहुण्यांचे सर घड्याळ बघायला लागायचे, कारण परतीची शेवटची एस.टी. पाचला.

"ऱ्हाऊ द्या उरलेला खेळ," महांतप्पा सर मायेनं म्हणायचे. "पोरं रस्त्यावर ऱ्हातील. पाव्हणे हाव तुम्ही आमचे."

अशा अर्ध्या सामन्यांचे कप कपाटात मावेनात. दुसऱ्या डावात बाजू बदलतात, हे मात्र हायस्कुलातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं.

पुढं आण्णासाहेब कारखान्याचे चेअरमन झाले, त्यांनी कॉलेज काढलं. सरांनी कॉलेजात शोभेल असा सफारी आधीच शिवून घेतला.

"तुळजापूरकरांना हरवा," आण्णासाहेब म्हणाले. "म्या सोता बघायला येतो. मग कॉलेजातली जागा तुमची."

पहिला डाव नेहमीसारखा जिंकला. पोहे झाले, चहा झाला, भाषणही झालं. तुळजापूरचे सर घड्याळाकडं बघेनात.

"यष्टी चुकंल की," महांतप्पा सर म्हणाले.

"चुकू द्या. मॅटाडोर घेऊन आलोय."

दुसरा डाव सुरू झाला. सरांची पोरं चेंडू घेऊन सुसाट पळाली ती लिंबाकडंच, आणि टाकत सुटली. तुळजापूरची पोरं आधी चक्रावली, मग कमरेवर हात ठेवून त्यांना वाट देऊ लागली.

"पल्याड टाका रं, पल्याड," सर ओरडले.

"पल्याड कुणी टाकतं व्हय सर?" कप्तान रामकिसननं थांबून विचारलं आणि आणखी एक टाकला.

लिंबाकडं पडलेला प्रत्येक चेंडू पाहुण्यांच्या खात्यात गेला, आणि सामनाही गेला. सर सफारीच्या आत घामानं भिजले. तेवढ्यात आण्णासाहेब हसत उठले. "लई भारी शिकवलंय मास्तर. पाव्हण्यांना चेंडूला हात लावू दिला न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळजापूरच्या सरांनी काही सांगायला तोंड उघडलं, तर महांतप्पा सरांनी त्यांच्या हातात पोह्यांची दुसरी बशी ठेवली.

सर कॉलेजात लागले. तिथलं मैदान सिमेंटचं, दोन्ही रिंगा सारख्या उंचीच्या. पहिल्याच आठवड्यात सर टिकाव घेऊन एका खांबाच्या बुडाशी बसले.