नागावला नेलेला दहीभात

आमच्या घरात तब्येतीचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे.

यंदा मे महिन्यात अलिबागजवळ नागावला दोन दिवस राहायचं ठरलं, ते माझ्या सासऱ्यांसाठी. नानांच्या नोकरीची शेवटची वीस वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात गेली, पण समुद्र म्हणजे कंटेनर उतरवायची जागा, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांना लाटेत उभं राहायचं होतं. हिवाळ्यात न्यूमोनियाने त्यांना चांगलंच लोळवलं होतं, आणि तेव्हापासून पुण्याच्या माझ्या नणंदबाई, मेधाताई, त्यांना आपल्याकडे न्यायला टपलेल्याच होत्या.

"ने खुशाल," मेधाताई फोनच्या स्पीकरवर म्हणाल्या. "पण नाना आजारी पडले ना सुजाता, तर मी त्यांना कायमची इकडे घेऊन येणार!"

नानांचा चेहरा पडला. पनवेलला त्यांचं वडाळे तलावाकाठचं ठरलेलं बाकडं, तिथले मित्र आणि संध्याकाळची भेळ. पुण्यात काय, लिफ्ट!

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मला नाही गं जायचं पुण्याला."

मलाही ते जायला नको होते. नाना घरात नसले की मला करमत नाही. मी कंबर कसली.

बाहेरचं पाणी बंद! आदल्या दिवशी पाणी उकळून, गाळून दोन मोठे कॅन भरले. बाहेरचं खाणं बंद! पातेलंभर दहीभात कालवला. प्रवासाच्या दहीभातात दूध जास्त आणि विरजणापुरतंच दही घालायचं, म्हणजे तो जेवायच्या वेळेला बेताचा आंबट होतो. हे मला माझ्या आईने शिकवलंय. (ती कधी मे महिन्यात वडखळच्या ट्राफिकमध्ये अडकली नव्हती.)

आम्ही अडकलो. त्यात नानांच्या छातीला सोसणार नाही म्हणून गाडीचा एसी मी बंद करायला लावला होता.

"अगं, इथे मला सोसत नाहीये!" नवरा, म्हणजे प्रसाद, स्टिअरिंगवरून ओरडला.

"तुझी छाती धडधाकट आहे. चालव."

नागावला पोचलो आणि कॅन उघडला. पाणी इतकं कढत, की चहापत्तीच काय ती टाकायची राहिली होती! नानांनी एक घोट घेतला, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि ते शहाळ्याच्या गाडीकडे चालू लागले. प्रसादही मागोमाग गेला. मी मात्र उकळलेलंच पाणी घेतलं, तेही दोनच घोट, कारण जीभ भाजली.

मग नाना लाटेत उतरले. गुडघ्यापर्यंत पाण्यात, लहान मुलासारखे हसत! त्यांना ऊन लागू नये म्हणून मी छत्री घेऊन त्यांच्या मागे. नाना डावीकडे गेले की छत्री डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. छत्री पूर्णवेळ नानांवर आणि ऊन पूर्णवेळ माझ्यावर. पाण्याबाहेर आलो तेव्हा माझं नाक टोमॅटोसारखं झालं होतं आणि डोकं गरगरत होतं.

जेवायला बसलो तर आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी केळीच्या पानावर तळलेली सुरमई वाढलेली.

"ताई, तुमी नाय खानार?" त्यांनी विचारलं.

"आम्ही घरून दहीभात आणलाय."

"वास येतोय जरा, नाय?"

"दह्याचा आहे!" मी म्हटलं.

'आम्ही' म्हणून मागे पाहिलं, तर नाना आणि प्रसाद सुरमईचे काटे काढत होते. मला राग आला. नियम म्हणजे नियम! मी पातेलं पुढे ओढलं. पहिल्याच घासाला कळलं, की भात बेताचा आंबट होऊन बराच पुढे गेलाय. पण तिघांसाठी आणलेलं अन्न टाकायचं कसं? आमच्या घरी शीत टाकत नाहीत. मी तिघांच्या वाटचा दहीभात एकटीने संपवला.

संध्याकाळी मेधाताईंचा तपासणीचा व्हिडिओ कॉल आला. तो नानांनी घेतला. मला बाथरूमच्या दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

"नाना, खोकला?"

"नाही."

"ताप?"

"छे! दुसरं शहाळं चालू आहे."

"बरं, सुजाताला द्या."

"ती आत आहे."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. मी आतच होते. पुढचा आला, तेव्हाही!

शेवटी मला गावातल्या डॉक्टरांकडे धरून नेलं. एका बाजूने प्रसाद आणि दुसऱ्या बाजूने नाना. डोक्यावर छत्री नानांनी धरली होती. (ऊन केव्हाच उतरलं होतं.)

"बाहेरचं काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाहेरचं आम्ही खाल्लं," प्रसाद म्हणाला. "तिने घरचंच खाल्लं."

डॉक्टरांनी आळीपाळीने तिघांकडे पाहिलं आणि मला सलाइन लावलं. नाना उशाशी बसून चमच्याचमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजत राहिले. त्यांनी ते करावं याची मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पनवेलला येतो तो मेधाताई दारात हजर, हातात रिकामी बॅग! मी नानांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"मेधाताई, नाना अगदी ठणठणीत आहेत हो!"

"दिसतंय ना. त्यांना पाठवा बाकड्यावर," त्या म्हणाल्या आणि माझं कपाट उघडून माझेच कपडे बॅगेत भरू लागल्या. "तू चल. तुझ्या तब्येतीकडे कोणीतरी बघायला हवं."

हे मी पुण्याहून लिहितेय. काल नानांचा फोन आला. मागे तलावाकाठचा गलका आणि तोंडात भेळेची कुरकुर.

"सूनबाई, काळजी घे हो. बाहेरचं काही खाऊ नकोस."

मी 'हो' म्हटलं. मेधाताईंनी माझ्यापुढे नुकताच दहीभात वाढला होता.