लालबाग ते परळ

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दादरहून लालबागपर्यंत ट्रामनं येणं. मांडीवर पिशवी, पिशवीत भाजी आणि तिच्या दम्याचं औषध. ट्राम दुमजली होती. मी म्हटलं, खाली बस, जिना चढून धाप लागेल. ऐकेल तर ती कसली. वर गेली, अगदी पुढच्या बाकावर बसली, आणि परळ येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. नुसती श्वास गोळा करत होती.

ती गप्प म्हणून मग मीच बोलत सुटलो. गिरण्यांना माग विकणाऱ्या एका कंपनीत मी फिटर होतो. नवे माग जातील तिथं ते बसवायला मला धाडायचे. अहमदाबाद, कानपूर, कलकत्ता. महिना महिना घराबाहेर. लोक परगावाहून येऊन देवळं सांगतात, बाजार सांगतात. मी कुठलं बघणार? मी बायकोला रस्ते सांगायचो. अहमदाबादेत भोंगा झाला की सायकलींचा असा लोंढा सुटतो की पायी माणूस पलीकडे जायचं विसरूनच जातो. कानपुरात एक्का. घोडं मरतुकडं, आणि भाडं ठरेपर्यंत एक्केवाला आपल्या तीन पिढ्या सांगतो. कलकत्त्याला ट्राम आहे, पण दोन डब्यांची. पुढच्या डब्यात पंखे न् गाद्या, मागच्यात आपण.

हे सगळं तिनं दहादा ऐकलं होतं. परळचा नाका गेल्यावर तिला बोलता आलं. म्हणाली, "तुमचा कलकत्ता तुमकाच ऱ्हवांदे. माका हयसून लालबाग दिसता, तितक्या पुरे."

फिरतीच्या माणसाला एक खोड लागते. नव्या शहरात उतरलं की आधी विचारायचं, गिरणीपासून ठेसन किती वेळ. त्या हिशेबात मी कधी चुकलो नाही. घरी यायची गाडी मी पत्रानं कळवायचो. गाडी बोरीबंदरात लागली असेल अशा अंदाजानं ती भात टाकायची. तिथून ट्रामनं येऊन मी दार ढकलायचो तेव्हा भात उतरत असायचा. आमच्या ट्रामवर तिचा आणि माझा एवढा भरवसा.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. ट्राम बंद, बस बंद, टॅक्सी दिसायची नाही. रुळांवर दगड, नाक्यावर पोलीस. मीसुद्धा सभांना जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. हरताळ आमचाच होता, तक्रार कुणाकडे करणार?

पहाटे तिला दमा उठला. औषध दिलं, छाती शेकली. उतरेना. उजाडलं तशी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "हातगाडी बघा खंय मिळता ती. माका घालून न्या."

परळचं मोठं इस्पितळ काही लांब नाही. पण मला ते बरं वाटेना. हातगाडीवरून बटाट्याची पोती जातात. आणि वाटेत दगड चालले तर? मी तिला म्हटलं, "थांब गो जरा. कलकत्त्याला असाच हरताळ मी बघितलाय. सकाळी सगळं बंद, दुपारच्या आत ट्राम सुरू. गाद्यांवर बसवून नेतो तुला."

ती वाद घालणारी बाई. त्या दिवशी घातला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मी गॅलरीत उभा राहून ट्रामच्या घंटेची वाट बघत राहिलो. दहा वाजले, अकरा वाजले. शेजारीण दोनदा येऊन म्हणाली, भावजी, बायको निळी पडतेय. मी म्हटलं, ट्राम सुटेल आता. बारा वाजून गेले तेव्हा मी खाली पळालो. बाजारातला एक भाजीवाला चाळीखालीच राहायचा, त्यानं गाडी दिली. गोधडी अंथरून तिला निजवली आणि ढकलत निघालो.

नाक्यावर रुळांवर दगड रचून माणसं उभी होती, आमच्याच गिरण्यांतली. मी हात जोडायच्या आत त्यांनी दगड बाजूला केले. एकानं पुढं धावत जाऊन पुढच्या लोकांना सांगितलं. त्यांनीही केले. पोलिसांनी अडवलं नाही. सबंध रस्ता आमच्यासाठी मोकळा होता. सकाळीही असता.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, पहाटेपासून. त्यानं तिला आत घेतलं. तासाभरात ती गेली. संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राम सुरू झाली. हातगाडी चाळीखालीच उभी होती, बाजारात गेलेल्या भाजीवाल्याला परत द्यायची होती. बाजार उजवीकडे, मी डावीकडे वळलो. भोंगा वाजला आणि रिकामी गाडी ढकलत परळकडे निघालो, रुळांच्या मधून, हळू, वर माणूस असल्यासारखी. मागून ट्रामवाला घंटा बडवत होता. मग शिव्या द्यायला लागला. मी बाजूला झालो नाही. इस्पितळाच्या फाटकापाशी गाडी टेकवली आणि घड्याळ बघितलं. भात शिजायला लागतो तेवढाच वेळ झाला होता. मग गाडी फिरवली आणि ज्याची त्याला देऊन आलो.