गयासुद्दीन खानसामा आणि वकिलांची क्लॅरेट

अकोल्यात १९३२ साली वाइन पिणारे पाच-सात लोक होते आणि त्यांतल्या एकालाही ती कळत नव्हती. सगळ्यांत कमी कळत होती भगवंतराव वकिलांना, आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त बोलत तेच. जन्म नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातला. बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले, चौदा महिन्यांत परीक्षा न देताच परतले, आणि तेव्हापासून 'मले', 'तुले' म्हणायची त्यांना लाज वाटू लागली. घरात बायकोशी, मनकर्णाबाईंशीसुद्धा ते छापील मराठी बोलत. बाई बिचाऱ्या दोनदा विचारत, "काय म्हनलं?"

मी सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर. माझं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं होतं, म्हणून भगवंतरावांच्या रविवारच्या मेजवानीची कार्डं मीच लिहायचो. जाड पांढऱ्या कार्डावर पदार्थांची फ्रेंच नावं. भरल्या वांग्यांनाही मी फ्रेंच नाव लिहिलेलं आहे. त्याबद्दल टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर मला जेवण मिळे, आणि ते मी मान खाली घालून जेवत असे.

पण मला सांगायचं आहे ते गयासुद्दीनबद्दल. भगवंतराव मध्ये येतात, त्याला इलाज नाही.

गयासुद्दीन चांदूर बाजारचा. जंगलखात्याच्या एका गोऱ्या साहेबाकडे त्यानं चिखलदऱ्याला वीस वर्षं खानसाम्याचं काम केलं. साहेबाबरोबर सारा मेळघाट पालथा घातला. सेमाडोहच्या मुक्कामात बाटल्या ओल्या पोत्यात बांधून सिपना नदीच्या धारेत सोडायच्या, ताज्या माशाबरोबर पांढरी वाइन द्यायची, भाजलेल्या मटणाबरोबर लाल, हे तो साहेबाकडून शिकला. पुढे पुढे साहेबच त्याला विचारू लागला. गंमत अशी, की त्यानं स्वतः जन्मात थेंब घेतला नव्हता. पाच वेळचा नमाजी माणूस. बूच हुंगून आणि पेला उजेडासमोर धरून त्याला सगळं समजे.

साहेब निवृत्त होऊन विलायतेला गेला आणि गयासुद्दीन अकोल्याला आला. भगवंतरावांनी त्याला लगेच ठेवून घेतलं. साहेबाचा खानसामा आपल्याकडे आहे, हे त्यांनी आठवडाभर कोर्टाच्या बाररूममध्ये सांगितलं.

भगवंतरावांच्या बाटल्या दिवाणखान्यात होत्या. मुंबईहून मागवलेली क्लॅरेट, म्हणजे फ्रान्सची लाल वाइन. काचेच्या कपाटात उभी मांडलेली, खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर त्या काचेला हात लावला तर चटका बसे. गयासुद्दीननं पहिल्याच दिवशी ते पाहिलं.

"वकीलसाब, ह्या बाटल्या इथं नोका ठेवू. मरून जातीन. मांगं ज्वारीचं पेव हाय नं, जमिनीत? गार हाय. तिथं आडव्या करून ठेवतो."

"पेवात?" भगवंतराव म्हणाले. "मग त्या पाहणार कोण?"

बाटल्या कपाटातच राहिल्या.

मे महिन्यात अकोल्याला नवे सबजज्ज आले. त्यांना जेवायला बोलावल्याशिवाय भगवंतरावांना चैन पडेना. कार्डं लिहायला मी सकाळीच गेलो होतो, म्हणून पुढचं मला दिसलं. गयासुद्दीननं स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पहिली बाटली उघडली, बूच नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग भगवंतरावांना आत बोलावलं.

"साब, तिन्ही खराब झाल्या. सिरका झाला याचा, नुसता आंबट. लिंबाचं सरबत देऊ. नाही तं नुसतं गार पाणी द्या, पण हे देऊ नोका."

"तू वाढायचं काम कर. चव पाहायला मी आहे."

त्यांनी एक घोट घेतला, ओठ चाटले आणि "उत्तम" म्हणाले. त्यांना खरोखरच ती उत्तम लागली असावी, असं मला वाटतं. खोटं बोलायलाही खरं काय ते ठाऊक असावं लागतं.

जेवायला सहाजण बसले. झणझणीत रस्सा, त्यावर क्लॅरेट, क्लॅरेटमध्ये बर्फाचे खडे. कापसाच्या जिनिंगवाल्या किसनरावांनी तीत सोडा ओतला, घटाघटा प्यायले आणि ढेकर देऊन म्हणाले, "वा! असा माल आपल्या वऱ्हाडात कोनाजवळच नाही." कोणी म्हणालं, हिला जांभळाचा वास आहे. दुसऱ्यानं गुलाबाचा सांगितला. सबजज्जांनी पेला ओठांना लावून खाली ठेवला तो ठेवलाच. त्या टेबलावर तेवढे एकच शहाणे दिसले. बाकीची माणसं आंबट पाण्यावर माना डोलवत होती. भगवंतराव त्यांच्याकडे पाहत फुगत होते.

तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. वाढत असलेल्या गयासुद्दीनला त्यांनी थांबवलं.

"हा वीस वर्षं साहेबांकडे होता. काय रे गयासुद्दीन, साहेबाच्या टेबलावर अशी क्लॅरेट पाहिली होतीस का?"

गयासुद्दीननं हातातलं भांडं खाली ठेवलं. "नाही साब. साहेबाकडं अशी झाली का आमी काकडीवर टाकत होतो."

भगवंतरावांचा चेहरा लाल झाला. मग ते माझ्याकडे वळले. चार महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं.

"मास्तर, तुम्ही सांगा. कशी आहे?"

माझे दात आंबले होते, घशात जळजळ होती. गयासुद्दीन माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "फारच छान आहे."

"ऐकलंस?" भगवंतराव उठले, आणि चौदा महिन्यांचं लंडन एका क्षणात गळून पडलं. "तुले काय समजते रे? चोरून पेला असशील अन् वरतून पानी टाकलं असशील! निंग इथून!"

गयासुद्दीनचा चेहरा पांढरा पडला. नोकरी गेल्याचं त्याला काहीच वाटलं नसावं. पण प्यायल्याचा आळ आजवर त्याच्यावर कोणी घेतला नव्हता. त्यानं कंबरेचा पट्टा सोडला, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि सलाम न करता निघून गेला. मी पेला संपवला. भगवंतरावांबद्दल मला किळस आहे, पण त्या दुपारची माझी स्वतःबद्दलची त्याहून मोठी आहे.

पुढच्या डिसेंबरात ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मला अमरावतीला पाठवलं. इतवारा बाजारात जेवायला जागा शोधत होतो, तर एका लहानशा खानावळीच्या दारात गयासुद्दीन उभा. मी मागे फिरणार होतो. त्यानंच हाक मारली.

"मास्तर, या नं. जेवून जा."

खानावळ त्याचीच. आत त्याची बायको कुलसुमबी चुलीपाशी होती आणि बाकावर नत्थुजी माळी बसला होता, चांदूर बाजारचा संत्र्याचा बागवान, गयासुद्दीनचा लहानपणचा दोस्त. दारातून मी एवढंच म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मालूम हाय. दात आंबलेले दिसत होते मले. काहून बोलले?"

"भीती वाटली."

"त्या मानसाची?" तो एवढंच म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात बाटली होती. विलायतेला जाताना साहेबानं दिलेल्या सहांपैकी एक. चांदूर बाजारला घरच्या पेवात ठेवलेली, थंडीत इकडं आणलेली. "माह्या काय कामाची? पाजनं बी गुन्हा हाय म्हंतात मौलवीसाब. त्याचा जबाब मी देईन खुदाले. नत्थु आज आला, तुमी आले. बसा."

त्यानं बूच हुंगलं, अन् यावेळी तोंड फिरवलं नाही. कुलसुमबीनं मंद आचेवरचा मटणाचा कोरमा वाढला, तिखट बेताचं, सोबत गरम रोटी. क्लॅरेट त्यानं चहाच्या पेल्यांत ओतली.

नत्थुजीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय रे बावा."

"अगुदर कोरमा खा, मंग घे."

नत्थुजीनं खाल्लं आणि घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. पिकलेल्या आळूबुखाऱ्यासारखं काहीतरी माझ्याही जिभेवर पसरत होतं आणि मटणाची चव त्यात मिसळून वाढत होती. आम्ही दोघं जेवत होतो आणि गयासुद्दीन गुडघ्यांवर हात ठेवून आमच्या तोंडांकडे पाहत होता.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

या खेपेला मी घाई केली नाही. पुन्हा एक घोट घेतला आणि मला जे लागलं ते सांगितलं, मागं राहणाऱ्या किंचित तुरटपणासकट. त्यानं समाधानानं मान हलवली.

अकोल्याला परतल्यावर मी भगवंतरावांना कार्डं लिहायला नकार दिला. हात दुखतो म्हणालो. त्यांनी दुसरा मास्तर धरला. दोन वर्षांनी त्यांना सरकारची रावसाहेबकी मिळाली, तिची मेजवानीही त्याच कपाटासमोर झाली म्हणे. मी मात्र दर हिवाळ्यात अमरावतीला जाऊ लागलो. नत्थुजी संत्री घेऊन येई, आम्ही तिघं जेवत असू. उरलेल्या पाच बाटल्या गयासुद्दीननं सहा वर्षं पुरवल्या; एका वर्षी कुलसुमबी आजारी होती, तेव्हा त्यानं बूच काढलंच नाही आणि नत्थुजीनंही मागितलं नाही.