आईचं ऑफिस बघायला: दोन मुलांना घेऊन सोलापूर ते चेन्नई

वृंदाला दिवाळीत घरी यायला जमणार नाही, हे ऑक्टोबरातच कळलं होतं. जूनमध्ये तिची बढती झाली आणि बढतीबरोबर चेन्नईची बदली आली. आमची मुक्ता सात वर्षांची, धाकटा निनाद साडेतीन. मी सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे मुलं माझ्याजवळ आणि माझ्या आईजवळ राहिली, आणि वृंदाने मैलापूरला भाड्याने जागा घेतली. तिकडे दिवाळीची सुट्टी एका दिवसाची. नव्या जागी इतक्यात रजा मागायला तिचं मन घेईना. मग मीच ठरवलं की तिने येऊ नये, आम्ही जाऊ. मला तीन आठवडे सुट्टी होती.

घरात कुणालाच हे पटलं नाही. एकट्या पुरुषाला दोन लहान मुलं घेऊन जवळजवळ एक दिवसाचा प्रवास झेपायचा नाही, असं माझी आई दिवसातून दोनदा ऐकवायची. बहिणीने फोन करून, मुक्ताला ने पण लहानग्याला ठेव, असं सुचवलं. पण मला निनादसाठीच जायचं होतं. गणपतीत वृंदा चार दिवस येऊन गेली आणि त्यानंतर तो तिच्याशी फोनवर बोलेनासा झाला. रिसीव्हर कानाशी नेला की मान फिरवायचा. काही दिवसांनी वृंदानेही त्याला फोनवर बोलवायचं सोडलं होतं. हे असंच चालू द्यायचं नाही एवढं माझ्या मनात पक्कं होतं. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत आम्ही तिघं बसलो.

सोलापूरहून सकाळी निघणारी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे चेन्नई सेंट्रलला पोचते. मुलांबरोबर असाल तर खालचा बर्थ मिळेल असं बघा, बाकी सगळं निभतं. मी आधीच्या आठवड्यात जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर बारा-बारा चित्रं काढली होती: बैलगाडी, पाण्याची टाकी, लाल झेंडी, म्हैस, देवळाचा कळस. दोघांना एकेक कार्ड, खिडकीतून जे दिसेल त्यावर खूण करायची. वाडी जंक्शनच्या पुढे मुक्ताचं कार्ड भरलं, निनादचं मात्र म्हशीवाचून अडलं होतं. गुंतकल यायच्या आधी म्हैस दिसली आणि त्याने डबाभर सगळ्यांना ती दाखवली. मुलांना एकेक कामही देऊन टाकायचं. निनाद पाण्याच्या बाटल्यांचा मालक होता. त्याला विचारल्याशिवाय कुणी पाणी प्यायचं नाही, मीसुद्धा. दशम्या, शेंगाचटणी आणि चुरमुरे दुपारपर्यंत पुरले. गुंतकलला दहीभात घेतला. तो मुलांनी मुकाट्याने खाल्ला, म्हणजे आवडला.

फक्त झोपेचं जमलं नाही. मुक्ता आठालाच झोपली. निनाद माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरून डोळे उघडे ठेवून पडला होता. गाडीची मजा वाटतेय म्हणून जागा असेल, असं मी धरून चाललो.

पहाटे वृंदा फलाटावर उभी होती. मुक्ता धावत जाऊन तिला बिलगली. निनाद माझ्या मानेला लटकला. वृंदाने हात पुढे केले तेव्हा तो माझ्या कानात, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "बाबा, त्या काकूंना सांग, मला घेऊ नका."

वृंदा हसली. मग बॅग उचलायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

(स्टेशनबाहेर रिक्षा करताना भाडं आधी ठरवा. मीटर असतो, पण त्याच्याकडे बघायची पद्धत नाही.)

वृंदाची घरमालकीण कमलाबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांच्या मराठीत जुने शब्द आणि वर तमिळ हेल. पहिल्या दिवशी मला निम्मं कळायचं, तिसऱ्या दिवशी बहुतेक सगळं. मराठी बोलायला मिळेल म्हणून त्यांनी वृंदाला वरची खोली दिली होती. त्या रोज सकाळी दारात तांदळाच्या पिठीने कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घालत. मुक्ताला त्यांनी ठिपके मोजून दिले आणि मोकळं सोडलं. मुलं सकाळी लवकर उठत नसतील तर हा उपाय करून बघा. मुक्ता आठवडाभर सहाच्या आत खाली हजर असायची.

शनिवार-रविवार वृंदाला सुट्टी. आम्ही गिंडीच्या मुलांच्या बागेत गेलो. तिकीट अगदी किरकोळ, झाडं मोठाली, हरणं जाळीपलीकडे हाताच्या अंतरावर. माकडांपासून खाऊ सांभाळा. निनाद हरणांपाशी रमला, पण वृंदा शेजारी येऊन उभी राहिली की माझ्या दुसऱ्या बाजूला यायचा. ती जबरदस्ती करत नव्हती. त्याच्यासाठी केळं सोलून माझ्या हातात द्यायची आणि मी ते त्याला द्यायचो. दोन दिवस आमचं असंच चाललं.

सोमवारी सकाळी निनाद मागच्या अंगणात खेळत होता, तेवढ्यात वृंदा हळूच ऑफिसला निघून गेली. आधी सांगितलं तर रडेल, असं तिचं म्हणणं होतं, आणि मीही हरकत घेतली नाही. तो वर आला. खोलीत बघितलं, न्हाणीघरात बघितलं, वाकून खाटेखाली बघितलं. रडला नाही. जिन्यात जाऊन बसला आणि दुपारी जेवायला उठला नाही. दोन दिवस जिच्याजवळ जात नव्हता, तिलाच शोधत होता.

कमलाबाईंनी विचारलं, हा निजतो का नीट? मी म्हटलं, गेले दोन महिने दुपारी झोपतच नाही, रात्रीही फार उशिरा. मुक्ता पायरीवर पिठीचा डबा घेऊन बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "गणपतीत तो झोपला होता तेव्हा आई गेली. म्हणून तो झोपत नाही."

मी रोज त्याच्याजवळ असून मला हे दिसलं नव्हतं. गणपतीत त्याला झोपवून वृंदाला स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो.

कमलाबाई संध्याकाळपर्यंत थांबल्या आणि वृंदा आल्यावर तिला जिन्यातच गाठून म्हणाल्या, "सांगून जा, अम्मा. रडलं तर रडूं दे. न सांगतां गेलीस तर लेंकरूं भितं."

त्यावरून आमच्या दोघांत वाद झाला. वृंदाचं म्हणणं होतं की दिवसभर मुलं माझ्यासमोर असतात, तिला मात्र ते रडणं कानात घेऊन आठ तास काम करायचं असतं. ते खरंच होतं. तरी मी हटलो नाही. तिला म्हटलं, तू सांगायचं, निघायचं आणि ठरल्या वेळी परत यायचं. बाकीचं मी सांभाळतो. उरलेले चार दिवस रोज असंच करायचं. शेवटी ती कबूल झाली, पण नाखुशीने.

मंगळवारी तिने त्याच्यासमोर बसून सांगितलं की ती ऑफिसला जाणार आहे आणि दिवे लागायच्या आत येणार आहे. तो भिंतीकडे बघत होता. ती चपला घालायला गेली तर एकच चप्पल. दुसरी निनादच्या मांडीखाली. द्यायला तयार होईना. मी ती काढून घेतली तेव्हा जो काही आरडाओरडा झाला, त्याने समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. वृंदाची बस चुकली. ती रडतच दुसऱ्या बसने गेली. पण सांगून गेली.

त्या दिवशी पावसाने डोकं वर काढू दिलं नाही. नोव्हेंबरात चेन्नईला जाणार असाल तर असे दोन तरी दिवस घरात काढायची तयारी ठेवा. कमलाबाईंच्या फ्रिजचं मोठं खोकं मिळालं, त्याची मी बस केली. इथले कंडक्टर शिट्टी वाजवून बस थांबवतात आणि सोडतात. निनादने ते येताजाता टक लावून बघितलं होतं. मैलापूरच्या मोठ्या देवळाच्या तळ्याजवळच्या दुकानातून शिट्टी आणली आणि त्याला कंडक्टर केलं. मुक्ता आई झाली. पर्स घेऊन बसमध्ये चढायची, ऑफिसला उतरायची, परत चढायची, घरी यायची. पहिल्या काही फेऱ्यांत कंडक्टर तिला उतरूच देईना. मुक्ता बिचारी खोक्यात बसून राहिली. मग तिने सांगितलं की ती उतरली नाही तर परत आणायला बस कशी येणार? त्यावर त्याने बराच विचार केला आणि शिट्टी वाजवली. दिवसभरात पन्नासएक फेऱ्या झाल्या असतील. वृंदा ठरल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं आली. भिजलेली. तो तिच्याजवळ गेला नाही, पण खिडकीतून तिची बस येताना बघत होता.

बुधवारी आम्ही सगळेच तिच्याबरोबर निघालो. मैलापूरहून नुंगंबाक्कमला थेट बस आहे, तिकीट चार-पाच रुपयांच्या आसपास, पण मुलांबरोबर गर्दीची वेळ टाळता आली तर टाळा. आम्हाला टाळता येणार नव्हती. एका बाईंनी न विचारता निनादला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तो बसलाही. ऑफिसात वृंदाने त्याला स्वतःचं टेबल दाखवलं, खुर्चीवर बसवून एकदा गरगर फिरवलं, पाण्याचा माठ कुठे आहे, डबा कुठे खाते, सगळं दाखवलं. टेबलाच्या काचेखाली त्याचा फोटो होता. त्याने बोट ठेवून तो कुणाचा विचारलं. वृंदाने सांगितलं, "तुझा. मी रोज बघते." निघताना मात्र त्याने दाराशी वळून मागे बघितलं.

गुरुवारी सकाळी तो शिट्टी गळ्यात घालून आमच्याबरोबर बसस्टॉपवर आला. वृंदाने सांगितलं, जाते आणि दिवे लागायच्या आत येते. बस आली, ती चढली, आणि कंडक्टरच्या आधी निनादने शिट्टी वाजवली. कंडक्टरने वळून बघितलं आणि मग आपली वाजवली. बस गेल्यावर तो रडला, पण घरी पोचेपर्यंत थांबला. त्या दुपारी तो तासभर झोपला. मी घड्याळ बघत बसलो होतो.

शुक्रवारी वृंदा लवकर सुटली आणि आम्ही समुद्रावर गेलो. मरीनाच्या वाळूत चालायला लहान पायांना फार वेळ लागतो, त्याचा हिशेब धरा. पाण्यात उतरू देऊ नका, ओढ जबर आहे. मिरचीची भजी मोठ्यांसाठी, मुलांसाठी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले वाटाणे. परतताना दीपगृहाजवळच्या स्टेशनवरून पुलावरची लोकल घेतली. डब्यात आम्ही चौघं आणि आणखी दोघंतिघं. निनाद दमला होता. माझ्या मांडीवरून सरकत सरकत तो कधी वृंदाच्या मांडीवर गेला ते मला कळलं नाही. मैलापूर यायच्या आधीच त्याला झोप लागली होती.

मैलापूर आलं. मी त्याला उचलायला हात पुढे केला. वृंदा म्हणाली, "थांब. तो जागा होईल तेव्हा मी इथेच असले पाहिजे."

आम्ही उतरलो नाही. शेवटच्या स्टेशनवर मी धावत जाऊन परतीची तिकिटं आणली, मुक्ता दारात उभी राहून माझ्यावर लक्ष ठेवत होती. गाडी उलटी फिरली. मैलापूर पुन्हा आलं आणि गेलं. वृंदाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण ती हलली नाही. पार दुसऱ्या टोकाला पोचताना त्याने डोळे उघडले. वर बघितलं. तिच्या गळ्यातल्या मण्यांशी थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "आई, मला शू लागलीय."

वृंदा त्याला घेऊन लंगडत उतरली.

रविवारी निघालो. सेंट्रलवर तो तिला सोडेना. भोकाड पसरून, तिच्या ओढणीत तोंड खुपसून रडला, आणि वृंदाही रडली. या वेळी आम्ही कुणीच कुणाला गप्प केलं नाही. तिने त्याला सांगितलं की ती नाताळात येईल आणि परत जाताना त्याला जागं करून सांगून जाईल. गाडी सुटल्यावर तो तासभर खिडकीपाशी हुंदके देत होता. मग त्याने बाटल्या मोजल्या आणि एक कमी असल्याचं मला सांगितलं.

येऊन आता दहा दिवस झाले. आमचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. वृंदा तिकडे, आम्ही इकडे, आणि तीन वर्षं तरी असंच जाणार. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. वृंदा तशी निघून गेली म्हणून मी तिच्याशी वाद घातला, आणि जूनपासून रोज सकाळी मीही तेच करत होतो. माझी आई निनादला कावळे दाखवायला गच्चीवर न्यायची आणि मी मागच्या दाराने सायकल काढून शाळेला जायचो. इतकी सवयीची गोष्ट होती की मला ती आठवलीसुद्धा नव्हती.

शाळा उघडली त्या दिवशी मी आईला सांगितलं की गच्चीवर जाऊ नकोस. निनादसमोर बसून त्याला सांगितलं आणि पुढच्या दाराने निघालो. तो रडला. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. आई तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, पोराला मुद्दाम रडवतो म्हणून. काल सकाळी मी चपला घालत होतो, तेव्हा तो आपणहून दाराशी आला. मी बाहेर पडल्यावर त्याने दार लोटलं, आणि आतून कडी लावायला उंची पुरत नाही म्हणून आजीला हाक मारली.